तिन्हीसांजेला जाणारं नेट

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या तोंडवलीतल्या घरी एक दिवसाआड दिवेलागणीला नेट जायचं. बाबा जहाजावर, आणि त्यांचा व्हिडिओ कॉल नेमका तेव्हाच यायचा. शेजारच्या सुमनकाकीकडे मात्र नेटवरची मालिका जोरात चालू. आईला खात्रीच पटली, काकीनेच काहीतरी केलंय. आमचं नेट चालायचं त्या संध्याकाळी काकीकडे सामसूम असायची, हे मला दिसत होतं. पण आईला सांगायचा धीर होईना.

आईने नेटवाल्या दिगूदादाला गाठलं.

"वैनीनू, माझ्या घराकडे दोन राउटर आसत. अर्धी वाडी ह्येच्यार, अर्धी त्येच्यार. लोड सारखो वाटलेलो आसा. सॉफ्टवेअर मधीच अडाकता."

"सॉफ्टवेअराक तिन्हीसांज कळता काय रे?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही त्याच्या घरी गेलो. काकी आधीच तिथे. "माझां नेट शेजारीण ओढून घेता!" आम्हाला बघून ती पदर सावरत बाजूला सरकली.

तेवढ्यात दिगूदादाचे वडील, तात्या, उठले. तात्यांचा जन्म मासेमारीच्या बोटीवर गेलेला. एका राउटरवर हात ठेवून त्यांनी बटण बंद केलं.

"तात्यानू, ह्यां काय?" दिगूदादा दचकला.

"इंजिन तापता रे. दोन आसत, मगे पाळयेन थंड करूक नको? काल त्येका, आज ह्येका."

आई आणि काकीने एकमेकींकडे बघितलंच नाही.

दिगूदादाने बटणांवर चिकटपट्टी लावली. पण पट्टीने इंजिन थंड होत नाही, म्हणून तात्या ती सोलून काढतात. आमच्या राउटरची पाळी असली की दगडी गडग्यावरून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी त्यांची आईला हाक येते, "गो, तुझ्या घोवाचो फोन झालो? मगे बंद करतंय!"