दहा मिनिटांत निवड

व्हिसाच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी फायली छातीशी धरून उभ्या होत्या.

“वहिनी, तुमचा थोरला परदेशात रोबोटवर काम करतो ना?”

“हो तर! सायन्सची इंटर्नशिप आहे. सगळा कारभार फ्रेंचमध्ये.”

“त्याला एवढं फ्रेंच येतं?”

“लागतंय कशाला? मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला फ्रेंचमध्ये ‘हो’ म्हणाला. दहा मिनिटांत निवड झाली.”

“पण विचारलं काय होतं?”

“ते तिथे गेल्यावर कळलं. सांडपाण्याची प्रयोगशाळा आहे. नाल्यात उतराल का, वास सहन होईल का, रविवारी याल का, असलं काहीतरी.”

“अगं बाई! म्हणजे घाणीत उतरून बाटल्या भरतो?”

“नमुने गोळा करतो म्हणा.”

“मग रोबोट काय करतो?”

“तो काठावर उभा असतो. फार नाजूक आहे हो! भिजला तर बिघडेल, म्हणून त्याला खाली सोडत नाहीत.”

“आणि पोराला सोडतात?”

“त्याला गमबूट दिलेत ना!”

“बरं, आज कुणाचे कागद घेऊन आलात?”

“धाकट्याचे. त्यालाही तिथेच घेतलंय. याला तर पाचच मिनिटं लागली.”