मी मेलो तो सराव

नाही, मला सांगा, अख्ख्या पथकाचे मोबाईल स्वतःच्या खांद्यावर वागवणारा माणूस बेजबाबदार असतो का? असतो का? तुम्हाला सांगतो, अग्निशमन दलात हयात गेली माझी, गॅसची पाइपलाइन फुटली तर काय करायचं हे पथकाला मीच तर शिकवलंय... बंब लांब उभा करा, वारा पाठीशी घ्या, लोकांना घराबाहेर काढताना बेल दाबू नका, दार ठोठावा, कारण एक ठिणगी पडली की खेळ खलास! आणि मलाच मारलं. सुरुवातीलाच!

म्हणजे सरावात हो. बाटल्यांच्या कारखान्यामागे रंगीत धूर सोडलेला, तो गॅस समजायचा. वरून परीक्षक आलेले, गळ्यात शिट्टी. आणि गंमत नव्हती बरं का! नापास झालो तर पाइपलाइनचं काम शेजारच्या केंद्राकडे जाणार होतं, आणि तिथला प्रमुख कोण? माझा मेहुणा! जन्मभर ताटावर ऐकवलं असतं त्यानं.

म्हणून म्हटलं, मंडळी, धुरात मोबाईल न्यायचा नाही, द्या इकडे. ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, बंद करून बंबातच ठेवू की." म्हटलं, "बंबात कुणाच्या भरवशावर? मी आहे ना!" माझा बंद केला, त्यांचे तसेच पिशवीत कोंबले, पिशवी खांद्याला, आणि सगळ्यांच्या पुढे ऐटीत निघालो... धुरात! आणि पिशवी वाजली. ड्रायव्हरचा फोन. करणारी कोण? माझी बायको! माझा बंद लागला म्हणून बिचारीनं त्याला लावला, "अहो, ह्यांचा लागत नाहीये, बरे आहेत ना?" बरे कसले, मेले! आणि बहीण कुणाची? त्या मेहुण्याचीच ना!

शिट्टी वाजली. "ठिणगी पडली. तुम्ही गेलात. झोपा."

"अहो साहेब, पण..."

"मेलेल्यांनी बोलायचं नाही!"

पडलो. पाठीखाली हवेची टाकी टोचतेय, आणि समोर माझं पथक, माझ्याशिवाय! वाटलं, संपलं, जिंकला मेहुणा. तेवढ्यात वारा फिरला. मास्क वर करून ओरडलो, "अरे, बंब मागे घ्या!" ड्रायव्हर तिकडून, "साहेब, मेलेल्यांनी बोलायचं नाही! आणि घेतलाय!" घेतलाच होता हो! कुणी रस्ता अडवला, कुणी दारं ठोठावून माणसं वाऱ्याच्या आडव्या दिशेनं काढली, बेल एकानंही दाबली नाही, व्हॉल्व्हशी कुणी झटापट केली नाही, ते काम पाइपलाइनवाल्यांचं, त्यांना आधीच कळवलेलं... छाती फुगली माझी. मेलेल्याची फुगू नये, पण फुगली!

पास झालो! मेहुण्याचं तोंड बंद! नंतर चहा घेताना परीक्षक म्हणतात, "पथक उत्तम. प्रमुख गेल्यावर तर फारच सुरळीत चाललं. पुढच्या सरावातही तुम्ही सुरुवातीलाच मरा."

म्हटलं, "अहो, पण..."

तर अख्खं पथक एका सुरात, "मेलेल्यांनी बोलायचं नाही!"

अहो, तेव्हा मी उभा होतो, हातात कप होता, धडधाकट जिवंत होतो!... इतकं छान शिकवायला नको होतं मी त्यांना.