आपलं काय बिग आहे?

चहा घ्या, सांगतो. आमच्या रावेरकडची, इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं तेव्हाची गोष्ट. केळीला पाणी देऊन मी दमून ओट्यावर टेकलो होतो. नात वही घेऊन आली.

"आबा, बिग म्हणजे मोठं. वाक्यं करायची आहेत. आमचे केळीचे घड बिग आहेत, असं लिहू?"

"नको माय, दृष्ट लागेल. कापणी होऊ दे."

"मग आपला बैल?"

"त्यालाही नको."

"मग आपलं काय बिग आहे?"

"काही नाही. जेव आता."

त्याच आठवड्यात वादळ आलं आणि सगळी बाग आडवी झाली. मी बांधावर नुसता बसून राहिलो. पोर हळूच जवळ आली.

"आबा, सरांनी वर्गात उभं केलं, तरी मी घड बिग आहेत असं लिहिलं नव्हतं हो."