खिंडीत तापणारी गाडी

हात काढ आधी—रेडिएटरच्या त्या झाकणाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं ना? उकळतं पाणी उडेल तोंडावर, मग नर्सबाईंनाच नर्स शोधावी लागेल. माझ्या गॅरेजात आलीस ना, मग बस त्या टायरवर. गार होऊ दे. 'असू दे, मामंजी' काय? कसं असू दे? उद्या सकाळी तुझा नवरा ही गाडी विकायला नेणार, परवापासून तू घरात बसणार, आणि जिनबू खिंडीपलीकडचे तुझे ते अकरा म्हातारे इंजेक्शनसाठी रस्त्याकडं डोळे लावून बसणार—आणि म्हणे असू दे. माझं डोकं फिरवू नकोस, एरान, आधीच फिरलंय.

आणि हो, विक असं मीच म्हणालो त्याला. ग्यूतेक फोनवर म्हणाला, बाबा, ही चढावर इंजिन भाजून काढते, हिला चालवताच येत नाही. मी म्हणालो, असेल, विकून टाक, बायकोला घरी बसव. हे तुला सांगायचं नव्हतं. आता ऐकलंस तर ऐकलंस. पण मी तरी काय म्हणणार—गाडी मला न दाखवता थेट सोक्चो शहरात नेलीत, तिथल्या त्या काचेच्या गॅरेजवाल्यांनी थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, तरी गाडी तापते म्हटल्यावर सांगून मोकळे झाले, बाई चालवते ना, मग तापणारच. अक्कल गहाण टाकलेली माणसं! ती कधी तापते, एवढं तरी विचारलं कुणी तुला? नाही ना? मग मी विचारतो. समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर तापते? नाही. खिंड चढताना, लाकडाच्या ट्रकमागं रांगेत अडकलीस की? हां. हे विचारायला काय जीभ झिजते का कुणाची? पळत्या गाडीला वारा लागतो, पाणी गार राहतं. गाडी हळू झाली की वाऱ्याचं काम पंख्यानं करायचं. म्हणजे बघायचं काय? पंखा. आणि हे बदलत बसले पंप.

झाली गार. पाणी भरलंय, गळती कुठं नाही. तेलही बघ, पाणी शिरून दुधाळ झालेलं नाही, म्हणजे इंजिनाला धक्का नाही—तुझं नशीब, काटा वर गेला की दर वेळी बंद करून थांबलीस म्हणून. नाही, नशीब नाही, अक्कल. आमच्या चिरंजीवांनी तशीच हाणली असती वरपर्यंत. आता चालू कर, एसी लाव, एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. लावलास? पंखा फिरतोय? कुठला फिरतोय! फ्यूज उडालाय बघ. आणि फ्यूज उगाच उडत नाही, पंखा कशात तरी अडकलाय. बंद कर. टॉर्च दे इकडं.

हे काय—दोरा. पांढरा असणार कधीतरी. पंख्याच्या दांड्याला गच्च आवळलाय, आणि दुसऱ्या टोकाला, आत बंपरच्या मागं—ये, बघ, लाजू नकोस—मासा. नव्या गाडीला बांधतात तो सुका मासा. तीस वर्षं घसा फोडून सांगतोय लोकांना, बांधायचाच तर डिकीत बांधा, तिथूनही करेल तो राखण, पण इंजिनापाशी दोरा आणू नका, सुटला की पंख्यात जातो. तरी कुणीतरी गाढवानं—

तुझ्या सासूनं? नाही. तिचं नाव मधे आणू नकोस, तिनं नाही बांधला. ही गाठ—दोन वेढे आणि वरून उलटी अढी. दरीतली गाडी वर ओढायचा दोर असा बांधतात. या खिंडीत असा दोर बांधणारा एकच माणूस आहे.

काय बघतेस? हो, मीच. गाडी आली त्या दिवशी आठवतं? चारी चाकांवर तांदळाची दारू ओतली, सगळे गाडीपुढं नमस्काराला वाकले, आणि तुझी सासू मासा घेऊन आली तर मी तिच्यावर ओरडलो, या सोक मिस्त्रीच्या घरात मासा काय गाडी राखणार, ने तो परत. सगळ्यांदेखत. बिचारी रडत आत गेली. मग तुम्ही जेवायला बसलात आणि मला सुचेना. बर्फात तू रोज एकटी ही खिंड चढणार, आणि मी त्या दरीतनं काय काय वर काढलंय, ते तुला नाही सांगत. भीती वाटली मला, दुसरं काय. ताटावरनं उठलो, तोच मासा गुपचूप बॉनेटखाली बांधला. डिकीत ठेवला असता तर तिला दिसला असता. बॉनेट माझ्याशिवाय कोण उघडतंय घरात? आणि तुझी गाडी महिनाभर तापत होती तेव्हा मीच म्हणत होतो, हिला चालवता येत नाही.

आण तो फोन. नाही, मी दोरा कापला, नवा फ्यूज टाकला, गाडी आता तुला घेऊन वर जाईल, तेवढं सांगून भागणार नाही. इंजिन कुणी भाजलं तेही त्याला सांगायचंय. आणि तुझी सासू तिथंच बसलेली असेल, फोन मोठ्यानं लावायची सवय आहे आपल्या घरात. ऐकू दे तिलाही. लागला बघ. तू जा आता, तुझे म्हातारे खोळंबलेत. जा म्हणतो ना, एरान. माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिलीस तर मला बोलता येणार नाही.