कोतागडेच्या गल्लीतली काजळी

...आणि वर मलाच विचारतात, 'इंजिन बंद का नाही केलंस?' अहो, बंद करता आलं असतं तर केलं नसतं का? हौस होती का मला? तुम्हाला सांगतो, अशी लाज, अशी लाज, की अजून कोतागडेच्या बाजूला जायचं म्हटलं तर मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतो!

झालं काय, माझी स्कूटर आजोबांच्या वेळची. आत काजळीचे थर. चढ आला की खोकायची, ठोके द्यायची... आणि मला जायचं होतं कोतागडेला, लस्तारीच्या घरी! तिच्या वडिलांना, हार्सोनोकाकांना, विचारायला, की आईबाबांना मागणी घालायला पाठवू का म्हणून. आता काका म्हणजे कवड्याचे वेडे. अंगणात उंच खांबावर पिंजरा, आत तो कवडा, घुमण्याची स्पर्धा जिंकलेला, काका त्याला 'अहो' म्हणतात, आणि धुराचा वास आला की काकांच्या कपाळाला आठी. म्हणून म्हटलं, आधी गाडी साफ करून घेऊ. चुकलं का माझं?

गितोदादा मेकॅनिकनं प्लग काढला, भोकातून औषध ओतलं, मुरवलं, गाडी सुरू केली आणि म्हणाला, "हे बघ पुर्नोमो, आता काजळी सुटणार, भसाभसा धूर येणार. धूर थांबेपर्यंत पळवायची! मध्येच बंद केलीस तर सगळी घाण प्लगवर बसेल, मग बस ढकलत. दिवसभर मोकळा आहेस ना?" आता वडीलधारा माणूस इतक्या मायेनं विचारतोय, नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे म्हणतं का कुणी? मी म्हटलं, हो!

तेवढ्यात लस्तारीचा फोन. "बाबा घरी आहेत, मूड चांगलाय, आत्ताच्या आत्ता येताय ना?"

मी म्हटलं, हो!

आता त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी: इंजिन बंद करा, उतरा, गाडी हातानं न्या. आणि पाटीखाली कोण? गल्लीप्रमुख सुमार्नीबाई! "काय रे, पाटी वाचलीस? पाळणार ना?" मी म्हटलं, हो! पण दादालाही हो म्हटलंय ना! मग काय करणार... उतरलो, गाडी हातानं ढकलत आत नेली, आणि इंजिन चालू ठेवलं. अर्धं यांचं ऐकलं, अर्धं त्याचं!

गल्ली एवढी अरुंद की समोरून कोंबडी आली तरी एकानं थांबावं. त्यात मागून काळा लोट, आणि लोटातून काजळीचे गोळे, फट्! फट्! सुमार्नीबाईंचे वाळत घातलेले भाताचे पापड... काळे! कुणाची तरी पांढरी चादर... काळी! "अगं बाई, आग लागली की काय!" करत बाया बाहेर, आणि मी प्रत्येकीपुढे कमरेत वाकून "माफ करा हं, माफ करा", आणि वाकलो की मूठ पिळली जातेय, मूठ पिळली की गाडी आणखी जोरात फर्र्र!

काकांच्या दारात पोचलो तेव्हा कुठे धूर संपला. गाडी बंद केली. कवडा गप्प. काकांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. ओरडले असते तर बरं, हसले हो! "असू दे, असू दे. त्यांनाही विश्रांती हवीच." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

लस्तारी चहा घेऊन आली, माझं काळं तोंड बघून ओठ चावत उभी राहिली. मन म्हणतंय, विचार, आता विचार... तर काकाच, इतका सज्जन माणूस, मला अवघड वाटू नये म्हणून म्हणाले, "इकडून जाता जाता सहज आला असशील, नाही का?"

...मी म्हटलं, हो.

लस्तारीनं कप असा आपटला की चहा बशीत! आणि तरातरा आत. पाणी आलं माझ्या डोळ्यांत, आणि ते काही धुराचं नव्हतं. "काका, खरं म्हणजे..." एवढं ओठांवर आलं, तर काका म्हणतात, "बरं झालं आलास. रविवारी मागेलांगहून एक मुलगा लस्तारीला बघायला येतोय. बसस्टँडवरून त्याला घेऊन येशील ना?"

काय म्हणालो असेन मी? बोला ना, काय म्हणालो असेन?

आणला हो, मागे बसवून आणला, अगदी दारापर्यंत. काय गाडी चालली, लोण्यासारखी! तो तर म्हणतो कसा, "छान ठेवलीये हं जुनी गाडी." अहो, अख्ख्या रस्त्यात एकदा, निदान त्या दिवशी तरी, बंद पडावं की नाही मेलीनं?