गुरुवारच्या पानावर न आलेली बातमी

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि ज्यांच्या शाळेच्या मैदानावर माझ्या मुली घाम गाळतात त्या महेरुन्निसा मॅडम, साप्ताहिक 'खाडीकाठ'चे मालक-संपादक जलीलभाई, आजचे सत्कारमूर्ती, व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी, उरणमधून आणि आजूबाजूच्या गावांतून आलेले वाचक, सरावावरून थेट इथं आल्यामुळे गुडघ्यांना अजून माती असलेल्या माझ्या खेळाडू मुली, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तींचं नाव मी घेतलं नाही, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असेल. त्यात अनादर नाही. त्यांना काय म्हणायचं, हेच मला घरून निघाल्यापासून सुचत नव्हतं. नऊ वर्षं मी त्यांना 'अहो' म्हणत होते. पुढची चौदा वर्षं काहीच म्हणाले नाही. जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी केसर म्हात्रे. मुलींना कबड्डी शिकवते. आणि चौदा वर्षांपूर्वीपर्यंत मी सौ. केसर धर्माजी घरत होते.

तेव्हा आज मी त्यांना श्री. धर्माजी घरत म्हणते. चालेल ना?

मला बोलायला कसं उभं केलं, तेही सांगायला हवं. मागच्या शुक्रवारी जलीलभाई मैदानावर आले. म्हणाले, "केसरबाई, घरत एकतीस वर्षांनी आमचा दफ्तर सोडतायत. खेळाडूंच्या वतीनं कुणीतरी बोलायला पाहिजे." मी म्हणाले, दुसरं कुणी बघा. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही नाही आलात तर लोक विचारतील का नाही आल्या. आलात तर बघत बसतील. दोन्हीकडून पंचाईत तुमचीच आहे, मला मालूम आहे. म्हणून हुकूम नाही करत, गुजारिश करतो." आता अशा गुजारिशीला माणूस नाही कसं म्हणणार?

श्री. घरत यांच्या कामाबद्दल मी वेगळं काय सांगू? या तालुक्यात कुठल्याही गावात कबड्डीचा सामना असो, टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा असो, कडेला खांद्याला झोळी लावून उभे असलेले घरत आपण सगळ्यांनी पाहिलेत. हरलेल्या संघातल्या मुलाचंही नाव ते नीट विचारून घेत. अशाच एका मुलाच्या आईनं त्या बातमीचं कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि त्यांचं 'गुरुवारची चढाई' हे सदर. आधी खेळ, मग तालुक्याच्या चार गोष्टी, कुठं कंटेनरच्या रांगेमुळे शाळेची गाडी अडली, कुठं नळाला तीन दिवस पाणी नाही, आणि शेवटी थोडंसं स्वतःबद्दल.

त्या शेवटच्या थोडक्याबद्दल मला बोलायचं आहे.

आमचा घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला. लोक अजून मला विचारतात, नक्की काय झालं होतं? दारू? मारहाण? दुसरं कुणी? यातलं काहीच नव्हतं. ते माझा सामना बघायचे, छापखान्यात जाऊन त्यावर सुंदर लिहायचे, आणि घरी येऊन पाठ करून झोपायचे. बोलायचं ते सगळं ते पेपरात बोलून यायचे. मी नऊ वर्षं त्यांना वाचत होते. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. हे कारण वकिलालासुद्धा पटलं नव्हतं.

अलिबागच्या कोर्टात शेवटची तारीख झाली, त्या दिवशी आम्ही एकत्रच गेलो आणि एकत्रच आलो. येताना रेवसहून करंजाची लाँच एकच होती, दोघांना घरी जायचं होतं. बसायला एकच बाकडं मोकळं होतं. त्यावर दोघंही बसलो. मग त्यांनी विचारलं, "रविवारी तुझी डावी कोपरारक्षक खेळणार का? तिचा घोटा बरा झाला?" मी सांगितलं, खेळेल. करंज्याला उतरलो आणि दोन वेगळ्या रिक्षांत बसलो. खोटं कशाला बोलू, रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. इतकी वर्षं संसार केला, आणि शेवटी विचारपूस झाली ती घोट्याची.

पुढच्या गुरुवारपासून सदराच्या शेवटी त्यांचं एकटेपण यायला लागलं. एकट्यासाठी भात लावला की पाण्याचा अंदाज चुकतो. दोरीवर एकच शर्ट वाळत घातला की वाऱ्यानं तो एका टोकाला जातो. फार चांगलं लिहायचे, मीही वाचायचे. माझ्याबद्दल त्यात एक वाईट शब्द कधी नव्हता. माझं नावच नव्हतं. सामन्याच्या बातमीतही मी 'संघाच्या प्रशिक्षिका' होते. पण नाव नसलं म्हणून लोकांना कळत नाही का? मासळी बाजारात कोळंबी घ्यायला उभी राहिले की मावशी शेजारणीला सांगायची, "बिचारा घरत, एकटाच रांधून खातंय." आणि मग माझ्याकडे बघायची. त्यांच्या घरी लोक डबे पाठवत होते. एकटी मीही होते. भाताचा अंदाज माझाही चुकत होता. पण माझ्याकडे सदर नव्हतं.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मॅडम. वेळ पाळीन. आणखी एकच प्रसंग सांगायचा आहे.

सात वर्षांपूर्वी जिल्हा स्पर्धेसाठी मी मुलींना घेऊन अलिबागला गेले होते. संघात राही नावाची चढाईपटू होती. सतरा वर्षांची, भातशेती करणाऱ्या घरातली. उपांत्य सामना आम्ही सकाळी तिच्या जोरावर जिंकला. दुपारी जेवायला बसलो तेव्हा राही नव्हती. मैदान पालथं घातलं, मुलींच्या खोल्या बघितल्या. तिच्या घरी फोन लावला, तो कुणी उचलला नाही. पोलीस चौकीत जाऊन आले. राखीव खेळाडू नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची फायनल मुली सहाच जणींनिशी खेळल्या आणि आम्ही हरलो.

घडलं होतं ते असं. राहीचे काका आले होते. घरी तिला बघायला पाहुणे येणार होते, लग्न ठरवायचं होतं. सतरा वर्षांच्या मुलीचं. त्यांनी तिला मैदानाबाहेर बोलावलं, आई आजारी आहे म्हणाले, आणि एसटी स्टँडजवळ उभ्या केलेल्या जीपमध्ये बसवलं. राही दोन दिवस घरी होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती एकटी निघाली आणि मांडव्याला आत्याकडे गेली. आत्यानं दार उघडलं आणि तिला ठेवून घेतलं. लग्न मोडलं.

आता पाहुण्यांसमोर तोंड दाखवायचं कसं? मग घरच्यांनी सांगायला सुरुवात केली की पोरगी अलिबागहूनच पळाली. कबड्डीच्या बाईनंच तिला फूस लावली, लपवून ठेवली. जीप नाही, काका नाहीत, काहीच नाही. आमचा संघ चालवणाऱ्या क्रीडा मंडळाची बैठक बसली. मी एकटी बाई, समोर अकरा पुरुष. एक जण म्हणाला, "जिला स्वतःचं घर राखता आलं न्हाय, ती आमच्या पोरी काय राखणार?" राहीनं आत्याच्या फोनवरून मंडळाला खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, बाईनं पढवलंय. मला संघावरून काढलं.

राहीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. जीपमध्ये बसताना स्टँडवर एक ओळखीचा माणूस होता. तो काकांशी बोललाही होता. त्यानं विचारलं होतं, "उद्या फायनल आहे, आज पोरीला कुठं नेताय?" आणि काका म्हणाले होते, "घराला पूजा हाय."

तो माणूस श्री. धर्माजी घरत होते.

मी 'खाडीकाठ'च्या कचेरीत गेले. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. ते प्रुफं तपासत होते. मी उभ्यानंच विचारलं, "तुम्ही राहीला तिच्या काकांबरोबर पाहिलंत?"

"पाहिलं," ते म्हणाले. क्षणभरसुद्धा नाकारलं नाही.

"मग लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मी लिहिलं तर लोक बातमी वाचणार नाहीत, केसर. नवऱ्यानं बायकोची बाजू घेतली, असं वाचतील. तुलाच जास्त त्रास होईल."

"आपण नवरा-बायको नाही."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, कोर्टाला माहीत आहे. गावाला कुठं माहीत आहे?"

मी तशीच माघारी फिरले. कारण ते म्हणत होते ते खरंच होतं. त्यांनी लिहिलं असतं तर म्हणाले असते, यांचं अजून आहे काहीतरी. न लिहिलं तर म्हणणार, तिचा नवरासुद्धा तिच्या बाजूनं बोलला नाही, म्हणजे काहीतरी असणारच. आणि तसंच म्हणाले. मी लग्नातून बाहेर पडले होते, पण त्या लग्नाची साक्ष मात्र अजून माझ्याविरुद्ध चालू होती. सांगा, अशा वेळी बाईनं कुठल्या कोर्टात जायचं?

तरी मी गुरुवारची वाट पाहिली. पेपर उघडला. फायनलचा निकाल होता, गुण बरोबर होते, मुलींची नावं बरोबर होती. सदराच्या शेवटी स्टोव्हच्या वातीबद्दल लिहिलं होतं. ते वाचून शेजारच्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन हंगाम मी मैदानाबाहेर होते. संध्याकाळी शिट्टी ऐकू आली की खिडकी लावून घ्यायची. गाव सोडून जावं असं शंभरदा वाटलं. पण गेले असते तर पळाली म्हणाले असते. राहून रोज तेच चेहरे. मग एका सकाळी महेरुन्निसा मॅडम घरी आल्या. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, "मैदान माझ्या शाळेचं आहे, फाटकाची चावी माझ्याकडे आहे. उद्या सहाला उघडीन. तुम्ही या." कुणाला काय वाटेल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जे वाटेल ते मला येऊन सांगतील. मी ऐकून घेईन." निदा आणि इनशा या दोन मुलींपासून आम्ही सुरुवात केली. आज तेवीस मुली आहेत. मॅडम, तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसं मराठी नाही.

आता कुणी म्हणेल, निरोपाच्या दिवशी हे कशाला? चांगल्या दिवशी चांगलं बोलावं. मलाही तसंच वाटत होतं. काल दुपारपर्यंत मी दुसरंच भाषण लिहिलं होतं, त्यात फक्त त्यांच्या लेखणीचं कौतुक होतं. पण राहीचे काका गेल्या वर्षी वारले. जीपचा ड्रायव्हर कोण होता ते कुणाला माहीत नाही. आणि श्री. घरत सोमवारी नाशिकला भावाकडे राहायला जातायत, कायमचे. ते गेले की त्या दुपारी अलिबागच्या स्टँडवर काय घडलं, हे सांगणारं आमच्या दोघींशिवाय कुणी उरत नाही. आणि आमच्या दोघींवर तर कधीच विश्वास बसला नव्हता.

काल मी राहीला फोन केला. ती आता न्हावा शेव्याला एका गोदामाच्या कचेरीत काम करते. तिला विचारलं, "तुझं नाव घेऊ का सभेत?" ती म्हणाली, "घ्या बाई. माझं नाव सगळ्यांनी घेऊन झालंय. एकदा तुम्ही घ्या." ती चौथ्या रांगेत बसली आहे. तिचे वडीलही आलेत, तिच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलेत. सात वर्षांत ते तिच्या शेजारी बसलेले नाहीत.

श्री. घरत, मी तुमच्यावर रागावून हे बोलत नाही. राग होता, तो वापरून संपला. तुम्हाला तेव्हा अडचण होती, मला कळत होतं. पण आता तुम्ही कुणाचे नवरे नाही आणि आजपासून कुणाचे बातमीदारही नाही. तुम्ही बोललात तर कुणाची बाजू घेतली असं होणार नाही. माझी माफी मागू नका, माझं कौतुक तर मुळीच करू नका. कार्यक्रम पत्रिकेप्रमाणे माझ्यानंतर सत्कारमूर्तींचं उत्तर आहे. त्यात तुम्ही काय पाहिलंत, काकांना काय विचारलंत आणि काका काय म्हणाले, एवढंच सांगा. राहीच्या वडिलांकडे बघून सांगा.

नाशिकला तुमची तब्येत चांगली राहो. तिथं बोलायला माणसं मिळोत.

जलीलभाईंनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. त्यांना या भाषणाची कल्पना नव्हती, तेव्हा दोष त्यांना देऊ नये. मॅडमचे आभार, माझ्या मुलींचे आभार, आणि इतका वेळ कुणी उठून गेलं नाही म्हणून तुमचेही. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, कुणाच्या घरची गोष्ट उघडी केली असेल, तर हात जोडून क्षमा मागते. जे बोलले त्यातला एक शब्द मात्र मागे घेता येणार नाही.

मी बसते. घरत, या.