बेलच बिघडलीय

न्हाय न्हाय, सायलेंटवर न्हाय, तेवढं मलाबी कळतंय — सायलेंट म्हंजे गप्प, आमच्या शालूबाईनं आनलेला शब्द हाय त्यो — बेलच बिघडलीय ह्या मोबाईलची, पावणं, खोला आनि बघा. वीस दिवस झालं, वाजलाच न्हाय. काल जावंचा फोन तेवढा वाजला, ते सोडा. जावंचा वाजतोय म्हंजे बेल चांगली आसं हाय व्हय? तुम्ही खोला की!

आनि हसताय कशाला? यादीत दिसत्यात ती नावं न्हवंत, शब्द हायत. आम्ही पाचजणी, शिवनाच्या कारखान्यात शाळंचे युनिफॉर्म शिवतो, आनि मोबाईल माझ्या एकटीकडंच. मग ठरलं — रोज एकीच्या घरी न्यायचा, तिनं एक इंग्रजी शब्द हुडकायचा, पोरांच्या पुस्तकातनं, साबनाच्या पुड्यावरनं, कुठनंबी, आनि ह्यात घालायचा. दुसऱ्या दिवशी डबा खाताना बाकीच्यांनी अर्थ सांगायचा. चुकली तिची चटणी जप्त! पर घालायचा कुठं? नावांच्या यादीत लिवाय गेलं तर ह्यो शाना नंबर मागतोय. तवा आमच्यातल्या अक्काताईनं डोकं लढवलं — नंबर आत हायतच की, वरची नावं तेवढी बदलायची. झालं! गॅसवाला स्लीव्ह झाला, डॉक्टर थ्रेड झाला. थोरल्या जावंचा फोन आला की वर येतंय ‘बिटर’. कडू. ते कुनी घातलं इचारू नगासा.

ह्या वयात कशाला म्हनताय? त्योबी आसंच म्हनला. संगमेश, माझा ल्योक, पुण्यात आसतोय. त्याची रक्षिता चार वर्सांची, इंग्रजी शाळंत — फोनवर चिवचिव चिवचिव करती आनि आज्जी हिकडं नुसती व्हय बाळा, व्हय बाळा. किती दिवस व्हय म्हनायचं, सांगा? तिच्यासाठनं तर सगळा खटाटोप. एकशे चाळीस शब्द झालं, पावणं! त्या दिवशी धीर करून म्हनलं, ‘रक्षिता, आय स्टिच शर्ट.’ पोरगी खिदळली, एवढी खूश झाली — आनि ह्यानं तिच्या हातातनं फोन घेतला. ‘अव्वा, तिच्यासंगं आसलं चुकीचं इंग्रजी बोलू नगंस. तिला तीच सवय लागंल.’ सवय लागंल! आरं, मी शिवलेला शर्ट घालून तू दहावी झालास, आनि तुझी पोरगी माझ्या बोलन्यानं बिघडनार? लई लागलं बघा मला. डब्बल लागलं, कारन शेजारी चौघी बसल्यात्या ऐकत.

मग मीबी बोलले. काय बोलले ते ऱ्हाऊ द्या… फोनच करू नगंस म्हनलं परत. रागात बोलतंय की मानूस! ते काय धरून बसायचं आसतंय व्हय? आयुष्यात आईचं एक ऐकलं न्हाय, आनि हे बरं ऐकलं ह्यानं!

शब्द घालायची पाळी माझीच हुती त्या दिवशी. घातला. कुनाच्या नंबरावर — तुम्ही बेल बघा हो. …‘स्ट्रेंजर’. परका. दुसऱ्या दिवशी चौघींनी अर्थ बरोबर सांगितला, एकीचीबी चटणी गेली न्हाय. नंबर कुनाचा, ते कुनी इचारलं न्हाय. नाव बदलून परत लिवायला काय दोन मिन्टं लागत न्हाईत, पर रोज ते नाव उघडून बघते आनि तसंच ठेवते.

मी करू? मी का करू फोन? आई हाय मी! त्यानं करायचा. त्यो करतच आसंल, हेच्यात वाजत न्हाय, म्हनून तर आले न्हवं तुमच्याकडं!

काय? तुमच्या फोनवरनं लावून बघताय? बघा की. घ्या माझा नंबर, अठ्ठ्यान्नव बावीस… हां, पुढचं मोबाईलच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलीय, तिच्यावर हाय.

…

वाजला.

चांगला खणखणीत वाजतोय की.

न्हाय, कापू नगासा. वाजू द्या जरा.

…

द्या हिकडं. बिघाड न्हाय न्हवं? मग झालं. त्या मागच्या बाईंचं बघा आता तुम्ही.